मार्क जर्नलला नको, त्या दिवशीच्या रीडिंगला द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. बीएस्सी आणि एमएस्सीच्या ॲनालिटिकल केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मार्क कशाचे मिळतात आणि ते काम कधीपर्यंत द्यायचं असतं, या दोन गोष्टींबद्दल लिहितेय. विषय छोटा वाटेल, पण तारापूर, अंबरनाथ, महाड, लोटे, कुरकुंभ, वाळूज अशा एमआयडीसींमध्ये औषधाच्या आणि केमिकलच्या कंपन्यांना क्वालिटी कंट्रोलसाठी जी मुलं लागतात ती याच प्रॅक्टिकलमधून तयार होऊन येतात आणि त्यांनी पास केलेल्या बॅचच्या गोळ्या तुमच्या-आमच्या घरात येतात. मी अशाच एका लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतेय, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते, त्यांना ट्रेनिंग देते आणि घरात भाची टीवायला केमिस्ट्री करतेय, त्यामुळे कॉलेजात काय चालतं आणि पुढे त्याचं काय होतं, दोन्ही बघायला मिळतं.

आत्ता बहुतेक ठिकाणी काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सेमिस्टरभर प्रॅक्टिकल होतात, मुलं रीडिंग कुठल्यातरी रफ वहीत नाहीतर सुट्ट्या कागदावर घेतात, आणि मग सेमिस्टर संपत आली की सबमिशनची तारीख लागते, त्या तारखेपर्यंत सगळी प्रॅक्टिकल फेअर जर्नलमध्ये उतरवून, एम (प्रयोगाचा उद्देश), थिअरी, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, कॅल्क्युलेशन, रिझल्ट, सगळं नीट मार्जिन आखून सही घ्यायची आणि शेवटी सर्टिफिकेटच्या पानावर शिक्का घ्यायचा. सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेलाच बसू देत नाहीत. मार्कांचं वाटप विद्यापीठागणिक आणि आता ऑटोनॉमस कॉलेजागणिक थोडं वेगळं आहे पण जर्नलला मार्क, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) मार्क आणि परीक्षेच्या दिवशीच्या प्रयोगाला मार्क ही साधारण रचना तीच. म्हणजे सेमिस्टरभर लॅबमध्ये उभं राहून जे काही केलं त्याला मार्क मिळतो तो थेट नाही, शेवटच्या आठवड्यात ते किती सुवाच्य लिहिलं त्यातून मिळतो.

आता एक नेहमीचा प्रयोग घ्या, पाण्याचा कठीणपणा काढायचा, ईडीटीए टायट्रेशन, म्हणजे ईडीटीए या रसायनाचं ठरावीक तीव्रतेचं द्रावण थोडं थोडं घालत रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. ५० मिली पाणी कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतलं, अमोनियाचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच १० केला, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक चिमूटभर टाकलं की द्राक्षासवासारखा लालसर रंग येतो, आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या नळीतून) ०.०१ मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडत गेलं की तो आधी जांभळट होतो आणि मग लालसरपणाचा शेवटचा अंश गेला की स्वच्छ निळा. तो जांभळा आणि निळा यांच्यामधला एक-दोन थेंबांचा खेळ असतो, तिथे हात थांबवायला शिकणं हेच प्रॅक्टिकल आहे. पहिल्यांदा करणाऱ्या मुलीचं रीडिंग १०.२ मिली येतं, मग १०.५ येतं कारण नळी जरा जास्त उघडली, मग १०.३ येतं. ५० मिली नमुन्याला ईडीटीएचा एक मिली म्हणजे लिटरला २० मिलीग्रॅम कठीणपणा, म्हणजे १०.२ ला २०४ आणि १०.५ ला २१०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. दहाव्या हिश्श्याच्या मिलीने उत्तर दोनाने हलतं हे त्या मुलीला तिथल्या तिथे कळलं तर ती आयुष्यभर विसरणार नाही.

पण जर्नलमध्ये काय लिहिलं जातं? १०.२, १०.२, १०.२ आणि शेजारी कॉन्स्टंट, म्हणजे जुळलेलं, रीडिंग १०.२. अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये तेच, आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमध्येही तेच, कारण ती जर्नल बाहेरच्या दुकानात झेरॉक्सला असते आणि आता तर ग्रुपवर पीडीएफच फिरते. कॉलेजातल्या साध्या ५० मिलीच्या ब्युरेटवर खुणा ०.१ मिलीच्या असतात, बी क्लासचं (कमी अचूकतेचं) ब्युरेट असेल तर त्याची स्वतःचीच चूक ०.१ मिलीपर्यंत चालते, वेगवेगळी ब्युरेट, वेगवेगळे डोळे, आणि वीस मुलांची तिन्ही रीडिंग एकसारखी येतात हे होऊच शकत नाही. हे सरांनाही माहीत असतं, मॅडमनाही माहीत असतं. तरी सही होते, कारण समोर चाळीस-पन्नास जर्नलचा ढीग असतो आणि शुक्रवारपर्यंत मार्क अपलोड करायचे असतात.

यात मुलांना दोष देणं मला पटत नाही. ज्या मुलीने खरं १०.२, १०.५, १०.३ लिहिलं तिला विचारतात, हे कॉन्स्टंट का नाही आलं, परत लिहून आण. ज्याने उलटं गणित करून उत्तरावरून रीडिंग बसवलं त्याला पूर्ण मार्क. मग दुसऱ्या प्रॅक्टिकलपासून ती मुलगीही तेच करायला लागते. भाचीच्या बॅचला हे पहिल्या वर्षापासून असंच चालू आहे आणि तिला यात काही गैर आहे असं वाटतही नव्हतं, मीच तिला पाण्याची बाटली आणि ड्रॉपर देऊन समजावलं की मोजमाप म्हणजे फरक येणारच.

इंटरव्ह्यूला मी एक साधा प्रश्न विचारते, टायट्रेशनची तीन रीडिंग जुळली नाहीत तर काय करशील. फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शनवाली मुलं अगदी निरागसपणे सांगतात, मॅडम जुळवून घेईन. मुलं खोटारडी नाहीत हो, तीन वर्षं त्यांना त्याचेच मार्क मिळालेत. आणि आमच्याकडे हे चालतच नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१८ साली डेटा इंटिग्रिटीवर, म्हणजे नोंदींच्या खरेपणावर, मार्गदर्शिका काढली, आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध उत्पादनाचे नियम, आलं, आणि जगभर ऑडिटर ज्याला अल्कोआ म्हणतात ती पाच तत्त्वं तपासतात: नोंद कोणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम करतानाच केलेली पाहिजे, मूळ नोंदच पाहिजे आणि बिनचूक पाहिजे. आमच्या लॅबमध्ये सुट्ट्या कागदावर रीडिंग लिहिलं तर तो कागदच पुरावा म्हणून उचलतात. चुकलं तर व्हाइटनर नाही, एकच रेघ, बाजूला सही, तारीख, कारण. रिझल्ट मर्यादेबाहेर गेला तर तो पुसून दुसरा लिहायचा नाही, चौकशी लावायची, आधी लॅबमध्ये काही चुकलं का ते बघायचं. भारतातल्या कितीतरी कारखान्यांना एफडीएची वॉर्निंग लेटर्स गेली ती अशाच गोष्टींवरून, नोंद नंतर लिहिली, नको असलेला रिझल्ट गायब केला, चाचणी न करताच आकडा भरला. आता बघा, या पाच तत्त्वांपैकी आपलं फेअर जर्नल किती पाळतं? सुवाच्य असतं, बस. बाकीचं सगळं मोडायला आपणच शिकवतो आणि त्याला मार्क देतो, आणि मग कंपनीत आल्यावर सहा-सहा महिने आम्ही ते विसरायला लावतो.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. मार्क त्या दिवशीच्या मूळ नोंदीला द्या, आणि डेडलाइन सेमिस्टरच्या शेवटी एक ठेवू नका, दर प्रॅक्टिकलला एक छोटी ठेवा.

करायचं कसं तेही सांगते, नुसती तक्रार नाही करत. प्रत्येक मुलाला पानांना नंबर असलेली बांधीव वही द्या, रीडिंग पेनने थेट त्यात, ब्युरेटसमोर उभं राहून, आणि लॅबमधून बाहेर पडताना सरांची किंवा मॅडमची त्या पानावर तारखेसह सही. याला फार वेळ लागत नाही, वीस मुलांच्या बॅचला जास्तीत जास्त दहा-पंधरा मिनिटं. पुढच्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलच्या आधी दोन पानी रिपोर्ट, कॅल्क्युलेशन, रिझल्ट आणि रीडिंगमध्ये फरक का आला याचं चार ओळींत स्पष्टीकरण. थिअरी आणि प्रोसिजर परत परत उतरवून घेणं बंद करा, ते पुस्तकात आहे, मॅन्युअलमध्ये आहे, त्यातून हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. दहा मार्कांचं प्रॅक्टिकल धरलं तर तीन मार्क त्या दिवशीच्या नोंदीला, तीन मार्क रीडिंग एकमेकांच्या किती जवळ आहेत त्याला, दोन खऱ्या उत्तराच्या किती जवळ पोचलो त्याला, दोन गणित आणि स्पष्टीकरणाला. आकडे कमी-जास्त करा, पण मुलांना पहिल्याच तासाला छापील हातात द्या की कशाला किती. भाचीला आजही माहीत नाही की तिला इंटर्नलला जे मिळाले ते कशाचे मिळाले.

यावर कोणी म्हणेल की उत्तराच्या जवळ पोचण्याला मार्क ठेवले तर मुलं अजूनच जुळवतील. जुळवतील, जर सगळ्यांना एकच द्रावण दिलं तर. परीक्षेत आपण काय करतो, लॅब असिस्टंट प्रत्येकाच्या फ्लास्कमध्ये वेगळं माप टाकतो ना, मग तेच रोजच्या प्रॅक्टिकलला करा, तीन-चार वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं बनवून नंबर टाका, कोणाला कुठला नंबर ते फक्त असिस्टंटच्या वहीत. शेजारच्याचं रीडिंग बघून काही उपयोग नाही हे एकदा कळलं की मूल आपोआप स्वतःच्या ब्युरेटकडे बघतं. परदेशात क्वांटिटेटिव्ह ॲनालिसिसच्या कोर्सला बऱ्याच ठिकाणी असंच असतं, प्रत्येकाला आपापला अननोन (तीव्रता न सांगितलेला नमुना) आणि खऱ्या किमतीपासून किती टक्के लांब त्यावर मार्क, आणि आपल्याकडेही जुन्या सरांकडून ऐकलंय की काही लॅबमध्ये हे पूर्वी नेमाने व्हायचं.

आणि उत्तर चुकलं तरी नोंद खरी असेल आणि कारण बरोबर शोधलं असेल तर मार्क मिळालेच पाहिजेत, यावर मी अडून राहीन. ईडीटीएचं टायट्रेशन करताना निळा रंग नीट उमटतच नाही, मळकट राहतो, असं कितीदा होतं. कारण काय तर बफरची बाटली उघडी राहून अमोनिया उडून गेलेला असतो, पीएच दहाच्या खाली येतो, नाहीतर एरिओक्रोम ब्लॅक टीचं द्रावण जुनं झालेलं असतं, ते फार दिवस टिकत नाही, म्हणून आम्ही ते मिठात घोटून कोरडंच ठेवतो. जी मुलगी लिहिते की एंड पॉइंट (रंग बदलायचा नेमका क्षण) स्पष्ट नव्हता, बफर ताजं घेतल्यावर सुधारला, म्हणून पहिली दोन रीडिंग धरलेली नाहीत आणि ती तशीच वहीत ठेवलीत, तिला मी उद्या नोकरीवर घेईन. आणि आजच्या पद्धतीत तिचे मार्क कापले जातात!

डेडलाइनचा दुसरा भाग शिक्षकांकडचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तपासलेला रिपोर्ट पुढच्या प्रॅक्टिकलच्या आधी मुलाच्या हातात परत आला पाहिजे. उदाहरण घ्या, ब्युरेटमधलं परमँगनेटचं द्रावण गडद असतं, त्याच्या वक्र पृष्ठभागाचा खालचा भाग दिसत नाही म्हणून वरची कड वाचतात, बिनरंगी द्रावणाची खालची वाचतात. एखादा मुलगा सगळीकडे वरचीच कड वाचत असेल, किंवा परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत गरम न करताच करत असेल आणि पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग जाईना म्हणून तोच एंड पॉइंट धरत असेल, तर त्याला हे दुसऱ्या आठवड्यात कळायला हवं, नोव्हेंबरमध्ये सगळी जर्नल एकदम तपासताना कळून काय फायदा, आणि तेव्हा तर कळतही नाही कारण जर्नलमध्ये आकडा बरोबरच असतो.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक नाही असं नाही. किती कॉलेजांमध्ये केमिस्ट्रीचा अर्धा स्टाफ तासिका तत्त्वावर आहे, त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन् महिने उशिरा, आणि रिपोर्ट तपासायचा वेळ त्या तासात धरलेलाच नसतो. माझं म्हणणं आहे की प्रॅक्टिकलच्या वर्कलोडमध्ये तपासणीचा वेळ अधिकृतपणे धरा आणि त्याचे पैसे द्या, ते न करता दर आठवड्याला रिपोर्ट तपासा म्हणणं हा अन्याय होईल. पण फेअर जर्नल काढून टाकलं तर तपासायचं कामही कमी होतं, वीस पानी जर्नलऐवजी दोन पानं, आणि तीही एकदम शंभरांची न येता वीस-वीसची येतात.

वेळेचंही बघा. नवीन शैक्षणिक धोरणात प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरलेत, कागदावर पंधरा आठवडे, आठवड्याला दोन तास. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाचे प्रवेश लांबतात, मग गणपती, मग नवरात्र, मध्येच इलेक्शन ड्युटी नाहीतर युथ फेस्टिव्हल, आणि दिवाळीच्या आत परीक्षा. यात ग्रॅव्हिमेट्री, म्हणजे साका पाडून त्याच्या वजनावरून पदार्थ किती ते काढणं, कशी बसवणार? निकेल डायमिथिलग्लायॉक्झाइमचा तो सुंदर लाल साका पाडायचा, गरम पाण्यावर मुरू द्यायचा, सिंटर्ड क्रुसिबलमधून गाळायचा, धुवायचा, ११०-१२० अंशांला ओव्हनमध्ये वाळवायचा, डेसिकेटरमध्ये थंड करायचा, वजन, परत ओव्हन, परत थंड, परत वजन, लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत. क्रुसिबल गरम असताना वजन केलं तर तराजू कमी दाखवतो, हे ज्याने घाईत केलंय त्यालाच कळतं. हे दोन तासांत होतच नाही, मग होतं काय की साका पाडून दाखवतात आणि वजन फळ्यावर लिहून देतात, वजनाला ०.२०३२ ने गुणा आणि निकेल काढा. याला प्रॅक्टिकल म्हणायचं का? बारा प्रयोगांची यादी सहा-सातवर आणा, ग्रॅव्हिमेट्रीला सलग दोन आठवडे द्या, पण जे कराल ते खरं करा. अभ्यास मंडळांनी हे ठरवायचंय आणि तिथे बसलेल्या बहुतेकांनी स्वतः हे सगळं हाताने केलेलं आहे.

उशिरा रिपोर्ट देणाऱ्यांचं काय, तर नियम छोटा आणि सगळ्यांना सारखा असावा, दिवसाला अर्धा मार्क कमी, जास्तीत जास्त तीन, त्यापुढे नाही. शून्य देऊ नका, कारण शून्य मिळणार हे कळलं की मूल करायचंच सोडतं नाहीतर कोणाचं तरी उचलतं. आमच्या भागात वाडा, जव्हार, विक्रमगडहून एसटीने येणारी मुलं आहेत, गाडी चुकली की प्रॅक्टिकल गेलं, काही जण रात्रपाळी करून येतात. त्यांच्यासाठी सेमिस्टरमध्ये एक-दोन दिवस रिपीट प्रॅक्टिकलचे राखून ठेवा, आधीच जाहीर केलेले, सर्टिफिकेट मागत न बसता. आज काय होतं की आजारी पडलेल्या मुलीचंही जर्नल पूर्ण असावंच लागतं, म्हणजे जे प्रॅक्टिकल तिने केलंच नाही त्याची रीडिंग तिच्या अक्षरात लिहून घेऊन त्यावर सही होते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, आणि याला कोणी चूक म्हणतही नाही. न केलेल्या प्रयोगाची जागा वहीत कोरी राहिली तर काय बिघडतं? आमच्याकडे कोरी जागा सोडत नाहीत, तिरकी रेघ मारून 'केलेले नाही' लिहून सही करतात, आणि ऑडिटर त्यावर काहीच म्हणत नाही.

कॉलेजांना हे सगळं एकट्याने करायची गरज नाही. आमच्यासारखे क्वालिटी कंट्रोलमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले बरेच जण प्रत्येक एमआयडीसीत आहेत, शनिवारी यायला तयार आहेत, मी चार-पाच जणांशी बोलले आहे. आम्ही रॉ डेटाची, म्हणजे मूळ नोंदींची, वही कशी लिहायची ते दाखवू, चुकीचं रीडिंग कसं खोडायचं ते दाखवू, अननोन बनवून द्यायला मदत करू, आणि एका बॅचवर एक सेमिस्टर करून बघू. पालघर जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या केमिस्ट्री विभागाला हे करायचं असेल तर आपल्या वृत्तपत्राकडे कळवावं, आम्ही येतो. जून उजाडायच्या आत ठरलं तर वह्या छापून घ्यायला वेळ मिळेल.

आपली,
एक क्वालिटी कंट्रोल केमिस्ट, बोईसर